जिभेला नैवेद्य

शनिवारी सकाळी पावणेदहाला आमच्या माडबंदरच्या धक्क्यावर बायकांची अशी झुंबड उडायची, की नवख्या माणसाला वाटावं वरातच आली. प्रत्येकीच्या कमरेवर पाटी, पाटीत चार-पाच दिवस बर्फात पडून आलेल्या मासळीचा लगदा, खवले, रक्ताचं पाणी. सगळ्या ओळीने पायऱ्या उतरायच्या आणि तिथल्या पाण्यात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाच्या अगदी शेजारी पाट्या खळखळून धुवायच्या.

"वाढा गो वाढा, जिभेला भूक लागली!" बेबीमावशी ओरडायची आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या.

याला आमच्याकडे 'जिभेला नैवेद्य' म्हणायचे. लबाडी हा शब्द कुणी काढायचं नाही. आम्ही फक्त पाट्या धुवायचो. बोया जिथे आहे तिथेच का धुवायच्या आणि शनिवारीच का, हे विचारणारं माणूस माडबंदरात जन्माला आलं नव्हतं. म्हणजे मी आले होते, पण मी पंधरा वर्षं गप्प होते.

मग दहाच्या ठोक्याला, त्याच बोयापाशी माप घ्यायला मी यायचे. चार्वी जितेंद्र पागधरे, इयत्ता दहावी, माडबंदर पट्ट्याची अधिकृत मापक! गळ्यात संघाचं निळं ओळखपत्र, हातात जीभ.

जीभ हे यंत्राचं टोपणनाव. खरं नाव दीड ओळीचं आहे, ते संघाच्या कागदावर असतं. दिसायला आपल्या टॉर्चएवढं, पुढे खरखरीत लांबट पातं. ते पाण्यात बुडवलं की ते समुद्राची चव घेतं. मासा पोहताना त्याच्या अंगावरचा चिकट थर, खवल्यांचा चुरा, विष्ठा असं काहीबाही पाण्यात सोडत जातो आणि त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. आपण घरभर केस सांडतो ना, तसंच. जिभेच्या पात्यावर लाखो बारीक सापळे असतात; एकात फक्त पापलेटाचा डीएनए अडकतो, दुसऱ्यात फक्त बोंबलाचा, तिसऱ्यात घोळीचा. कशात किती अडकलं यावरून जीभ सांगते, इथे मासा किती आहे. एकही जाळं न टाकता! चार मिनिटांत एक आकडा येतो. संघ झाला त्या वर्षीचा समुद्र म्हणजे शंभर धरायचे. तीसच्या खाली आकडा गेला की तो पट्टा सहा महिने बंद.

संघ म्हणजे पंचकिनार संघ. भारत, पाकिस्तान, ओमान, मालदीव, श्रीलंका. मासा संपत चालला म्हणून शेजारी देश शहाण्यासारखे एकत्र आले, असं आमच्या पाठ्यपुस्तकात आहे. बाबांचं म्हणणं वेगळं. मासा संपत चालला म्हणून सगळे एकमेकांच्या पाण्यात घुसायला लागले, दोन्हीकडचे तुरुंग कोळ्यांनी भरले आणि जागा संपली, म्हणून एकत्र आले.

बाबांना माहीत असणारच. मी चार वर्षांची असताना त्यांची बोट पलीकडे वाहवत गेली आणि ते तीन वर्षं दोन महिने कराचीच्या तुरुंगात होते. संघ झाल्यावर सुटले. येताना मण्यांनी विणलेली एक छोटी बोट माझ्यासाठी घेऊन आले. आत सगळेच मणी विणतात म्हणे, दुसरं काय करणार! अजूनही ते जेवायला बसले की आधी डोळ्यांनी सगळ्यांची मोजणी करतात आणि न्हाणीघराची कडी आतून कधी लावत नाहीत.

आता तसं होत नाही. आता प्रत्येक बोटीच्या डोलकाठीवर संघाचा निळा दिवा असतो. दिवा पेटता असला की पाचही देशांच्या पाण्यात कुठेही जा, कुणी हात लावत नाही. पण तुमच्या गावाचा पट्टा बंद झाला, की त्या क्षणी उपग्रहावरून गावातल्या सगळ्या बोटींचे दिवे विझतात. आधी चोवीस तासांची मुदत द्यायचे. त्या चोवीस तासांत लोकांनी समुद्र अक्षरशः खरवडून नेला, म्हणून मुदत काढून टाकली.

मापनाचं काम शाळेतल्या मुलांकडे का, तर पाचांपैकी कुठल्याच देशाचा दुसऱ्याच्या अधिकाऱ्यांवर विश्वास नव्हता. मुलं खोटं बोलणार नाहीत, असं कुणीतरी सभेत म्हणालं आणि टाळ्या पडल्या. शिवाय प्रत्येक मापकाला परदेशातला एक जोडीदार. मी पाणी मापताना तो पडद्यावर बघणार आणि 'मान्य' दाबणार. त्याच्या वेळी मी दाबणार. दोघांपैकी कुणी 'अमान्य' दाबलं तर समोरच्याचा पट्टा बंद.

माझी जोडीदार हाजरा. सिंधच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली, माझ्याच वयाची, माझ्याहून उंच आणि माझ्याइतकीच बडबडी. तिचे अब्बा गुजरातच्या तुरुंगात चार वर्षं होते. "माझे दहा महिने जास्त," असं ती भांडणात म्हणायची. आम्ही हिंदी-उर्दूच्या खिचडीत बोलायचो, इथे मी मराठीतच लिहिते.

"चारू, आज किती?"

"चौसष्ट!"

"मान्य. आता माझं बघ."

तिच्या पडद्याच्या कडेला दर शनिवारी एका निळ्या पिंपाचा काठ दिसायचा आणि पिंपामागे बांगड्या भरलेला एक हात. तिची दादी. तिच्या आकड्याच्या आधी पाण्यात काहीतरी ओतल्याचा आवाज यायचा.

"एकाहत्तर!"

"मान्य."

दोन वर्षं आम्ही एकमेकींना सगळं सांगितलं. कुणाला पाळी कधी आली, कुणाला गणितात किती पडले. पिंपाबद्दल आणि पाट्यांबद्दल मात्र एक शब्द नाही.

*

डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शनाची नोटीस लागली. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करताना कोपर बाकावरच ठेवायचे. पण या वर्षी मला अचानक कळलं होतं, की मला बऱ्याच गोष्टी कळतात! मी राऊत मॅडमना सांगितलं, मी जिभेवर प्रयोग करणार.

साधा प्रयोग होता. दोन बादल्या. एकीत शेततळ्यातून आणलेला जिवंत जिताडा, दुसरीत बाजारातून आणलेला मेलेला. दोन्हीत जीभ बुडवायची. दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखा आला. जिभेला मेलेला आणि जिवंत यातला फरक कळत नाही, एवढाच माझा निष्कर्ष होणार होता. पण मी जिभेची मूळ फाईल उघडली. ती कुणी उघडत नाही, कारण ती अत्यंत कंटाळवाणी असते. त्यात एक दुसरा रकाना होता.

जीभ डीएनएबरोबर आरएनएही मोजत होती! पहिल्या दिवसापासून. फक्त पडद्यावर दाखवत नव्हती.

म्हणजे बघा. डीएनए म्हणजे घराच्या भिंती. माणसं गेली तरी भिंती काही दिवस उभ्या राहतात. आरएनए म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास. आत कुणी जिवंत असेल, काही चाललं असेल, तरच येतो. नाहीतर काही तासांत विरून जातो. जिवंत जिताड्याच्या बादलीत दोन्ही रकाने भरलेले होते. मेलेल्याच्या बादलीत पहिला भरलेला आणि दुसऱ्यात जवळजवळ शून्य.

मी प्रयोगशाळेत नाचले. खरंच नाचले, स्टुलाभोवती. मग मला सुचू नये ते सुचलं. माडबंदरच्या गेल्या दोन वर्षांच्या फायली माझ्याकडेच होत्या.

पहिला रकाना चौसष्ट, एकसष्ट, अडुसष्ट. दुसरा सतरा, चौदा, बारा. शेवटच्या शनिवारी नऊ.

राऊत मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. आधी त्या "वा गं!" म्हणाल्या. मग त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.

"चार्वी, हे संघाला माहीत असेल का?"

"यंत्र त्यांचंच आहे, मॅडम. पण फाईल उघडावी लागते."

"मग ते उघडत नसतील, त्याला काही कारण असेल ना?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू सौरचूल कर. सौरचूल छान दिसते. तालुक्याला नक्की जाईल."

मी सौरचूल केली. तालुक्याला गेली. तिसरी आली.

*

पण नऊ हा आकडा डोक्यातून जाईना. एका संध्याकाळी जेवताना मी बोलून टाकलं. भिंती, फोडणी, सगळं. आई भाकरी थापत होती; तिचा हात थांबला नाही.

"म्हणजे समुद्रात मासा नाय, असं तुझी जीभ सांगते," ती म्हणाली. "आम्हाला काय ठाऊक नाय काय? पाट्या आम्हीच उचलतो ना. पूर्वी एका पाटीला दोघी लागायच्या. आता बेबी एका हाताने नेते."

"मग आये, बंद नको का करायला? सहा महिने सोडलं तर वाढेल. थोडी वाट बघितली तर..."

"आणि दिवा विझला नि तुझा बाप वाऱ्याने पलीकडे गेला तर? इंजिन बंद पडलं तर? तीन वर्षं तुला घेऊन मी कुठे कुठे उभी होते, तुला आठवतं?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "समुद्रात मासा नसला तरी चालेल मला. नवरा घरी पाहिजे."

मी बाबांकडे बघितलं. बाबा शांतपणे काटे काढत होते.

"गंमत सांगू?" ते म्हणाले. "आपल्याकडे मासा नाय, म्हणून आम्ही पलीकडे जातो. त्यांच्याकडे नाय, म्हणून ते इकडे येतात. मध्ये भेटतो. परवा एकजण हात करून विचारतो, 'कुछ है उधर?' मी म्हटलं, 'नहीं. उधर?' तो म्हणाला, 'नहीं.' तरी तो इकडे आला नि मी तिकडे गेलो."

"मग का जाता?"

"न जाऊन कसं चालेल, बाय? आपण थांबलो तर उरलेला तो नेईल."

आई हसली, बाबाही हसले. मला रडू आलं, म्हणून मी ताट उचलून मोरीत गेले.

*

हाजराला मी फेब्रुवारीत सांगितलं. मग तिनेही तिची फाईल उघडली.

"अकरा," ती म्हणाली. "दादीला सांगू नकोस हां, ती किती मेहनत घेते."

आम्ही इतकं हसलो, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा पिंपाबद्दल बोललो होतो. आणि हसता हसताच माझ्या डोक्यात ते आलं. जिभेच्या सेटिंगमध्ये एक बारीक चौकोन होता, 'फक्त जिवंत अंश'. त्यावर खूण केली की संघाकडे दुसरा रकाना जाणार. एकटीने केलं तर एकच गाव मरणार. पण दोघींनी एकाच दिवशी केलं, तर दोन देशांचे दोन पट्टे एकदम बंद. ना तुम्ही इकडे, ना आम्ही तिकडे. संघाला सगळ्यांच्या फायली उघडाव्या लागतील. सगळे पट्टे एकत्र बंद झाले तर कुणीच कुणाचा मासा नेणार नाही!

"हाजरा, आपण इतिहास घडवणार!" मी अक्षरशः ओरडले.

"कधी करायचं?" तिचेही डोळे चमकत होते.

"मी सगळा विचार केलाय! दिवे विझतील तेव्हा एकही बोट बाहेर नको. होळीच्या आधीचा शनिवार! होळीला आमच्या सगळ्या बोटी झाडून बंदरात येतात. जगात कुठेही असोत, येतातच."

"शनिवारी तर..." ती म्हणाली.

"होळीचा शनिवार! परफेक्ट आहे! एकालाही धोका नाही. बोल, वचन?"

ती "हं," म्हणाली. "वचन."

मी किती छान योजना आखलीय, या आनंदात मी तो 'हं' ऐकलाच नाही.

*

होळीचा शनिवार. बंदरात त्रेचाळीस बोटी, सगळ्यांना पताका, फुगे, झेंडूच्या माळा. ढोल वाजत होता. बायका नवीन लुगडी नेसून नैवेद्याला आल्या होत्या. बेबीमावशीने माझ्या गालाला गुलाल लावला. आईने पाटी धुतली, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "घे गो, भरपूर वाढलंय आज."

मी जीभ बुडवली. चौकोनावर खूण केली. हात थरथरत नव्हता, हे मला आजही आठवतं आणि त्याची लाज वाटते.

नऊ.

पडद्यावर हाजरा पांढरीफटक दिसत होती. तिने 'मान्य' दाबलं.

मी मागे वळून बघितलं. त्रेचाळीस निळे दिवे एकामागून एक नाही, एकदम विझले. उन्हात कुणाच्या लक्षात यायलाही वेळ लागला. मग ढोल थांबला.

"काय केलंस गो?" आईचा आवाज आला. मी म्हटलं, "थांब आये, एक मिनिट, आता तिचं बघ."

हाजराने जीभ बुडवली. चार मिनिटं. पिंपाचा काठ कडेला दिसत होता. ओतल्याचा आवाज आला. आकडा आला.

त्र्याहत्तर.

"हाजरा, खूण राहिली. चौकोन!"

तिने जीभ पाण्यातून काढून पुसली.

"हाजरा, वचन दिलं होतंस तू!"

"आमच्याकडे शुक्रवारी बोटी बंदरात असतात, चारू," ती म्हणाली. तिचा आवाज ओल्या कापडासारखा जड होता. "जुम्म्याला. शनिवारी पहाटे सगळ्या निघतात. दर शनिवारी. अब्बा या घटकेला तुमच्या बाजूला आहेत. गुजरातसमोर. काल त्यांना थांबा म्हटलं. कारण सांगता येईना, मग ते हसले आणि आज पहाटे गेले."

"मग मला आधी का नाही..."

"सांगत होते. तू होळी होळी करत होतीस."

पडद्यावर माझ्यासमोर दोन चौकटी होत्या. मान्य. अमान्य. साठ सेकंदांची मुदत असते. पिंप मला दिसत होतं, साऱ्या जगाला दिसेल असं. 'अमान्य' दाबलं असतं, तर त्या क्षणी हाजराच्या अब्बांच्या डोलकाठीवरचा दिवा आमच्या तटरक्षकांच्या डोळ्यांदेखत विझला असता. मग त्यांचीही मण्यांची बोट.

माझ्यामागे अख्खं गाव उभं होतं. हाजरा हात जोडत नव्हती, रडत नव्हती. नुसती बघत होती, जशी आई तीन वर्षं दाराकडे बघायची.

मी 'मान्य' दाबलं.

म्हणजे त्या दिवशी मी दोनच गोष्टी केल्या. माझ्या गावाबद्दल खरं सांगितलं आणि तिच्या गावाच्या खोट्यावर शिक्का मारला.

*

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पाच देशांच्या किनाऱ्याचा नकाशा, दोनशे बारा हिरवे ठिपके आणि एक लाल. आमचा. संघाचा प्रवक्ता म्हणाला, यंत्रणा किती चोख काम करते याचा हा पुरावा आहे. आमच्याकडचा एक पुढारी धक्क्यावर येऊन म्हणाला, हा शेजाऱ्यांचा डाव आहे. पलीकडचा एक पुढारी त्याच दिवशी म्हणाला, बघा, भारताच्या गावांनी कसा समुद्र संपवला. दोघांनाही टाळ्या पडल्या. आमच्या दक्षिणेला दोन मैलांवरचं गाव हिरवंच होतं. त्यांच्या पाट्या आमच्यापेक्षा मोठ्या आहेत.

मी संघाला चौदा पानी पत्र लिहिलं, दोन्ही बादल्यांच्या फोटोंसकट. उत्तर आलं. माझ्या सूचनेच्या अभ्यासासाठी पाच देशांच्या दहा तज्ज्ञांची समिती नेमली आहे. समितीचा अहवाल कोणत्या भाषेत असावा, यावर सध्या चर्चा सुरू आहे. सोबत एक प्रमाणपत्र होतं, 'सत्यनिष्ठ बालमापक'. आईने ते बघितलं आणि मोरीवर लावलं. साबणाचं पाणी उडू नये म्हणून, म्हणाली.

गावात मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बेबीमावशी रस्त्यात दिसली की पाटी दुसऱ्या कमरेवर घ्यायची, बस. निम्मे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला गेले. हिरव्या गावांच्या बोटींवर! आमच्याच पट्ट्याच्या कडेला येऊन मासे मारायला.

आणि बाबा घरी होते. आईला हवं होतं तसंच. ओटीवर बसून मणी विणायचे. जूनपर्यंत अकरा बोटी विणून झाल्या. जेवायला बसले की मोजणी करायचे. तिघंच असलो तरी दोनदा मोजायचे.

बंद पट्ट्याचंही दर शनिवारी माप घ्यावं लागतं; त्याचा आकडा मात्र जोडीदाराला दिसत नाही, माप झालं एवढंच दिसतं. नैवेद्याला आता मासळीच नव्हती. धक्क्यावर मी एकटी. हाजरा 'मान्य' दाबायची, मी 'मान्य' दाबायचे. मध्ये काही बोलायचो नाही. पण मी दुसरा रकाना बघत होते. एप्रिलमध्ये दहा. जूनमध्ये तेरा. नारळीपौर्णिमेला, जेव्हा आमच्या बोटी पहिल्यांदाच किनाऱ्यावर तशाच पडून होत्या, तेव्हा एकोणीस. मला कुणाला तरी सांगायचं होतं. मी बोयालाच सांगितलं.

*

सप्टेंबरात सहा महिने भरले. आकडा तीसच्या वर आला तर पट्टा उघडणार, नाहीतर आणखी सहा महिने.

आदल्या दिवशी गावात बर्फाचा टेम्पो आला. पापलेट, घोळ, बोंबील, सगळं पलीकडच्या किनाऱ्यावरून आयात केलेलं. खोक्यांवर हाजराच्या जिल्ह्याचं नाव होतं. शनिवारी पावणेदहाला बायका पाट्या घेऊन उतरल्या. या वेळी कुणी हसत नव्हतं.

आई माझ्याजवळ आली. तिच्या हातांना मासळीचा वास होता, सहा महिन्यांनी.

"चारू, तो चौकोन काढ."

"आये, वाढतोय गं मासा. खरंच वाढतोय. आणखी दोन महिने, फार तर तीन."

"तुझा बाप काल रात्रीच्या जेवणाला मोजायला विसरला," ती म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणाला, आत काय नि बाहेर काय. काढ तो चौकोन."

मी चौकोन काढला. इतकं सोपं असतं ते, नखाएवढी खूण.

सहासष्ट.

हाजराने लगेच 'मान्य' दाबलं. त्रेचाळीस दिवे पेटले. मागे कुणीतरी शिट्टी मारली, मग ओरडा झाला, ढोल कुठून आला देव जाणे.

"चारू," हाजरा इतक्या महिन्यांनी बोलली, "दुसऱ्या रकान्यात किती?"

मी बघितलं. सव्वीस. नवाचे सव्वीस झाले होते! तीसला फक्त चार कमी. आमच्या पाण्यात जिवंत मासा होता, पोहत होता, अंडी घालत होता. मला तिच्या गळ्यात पडून नाचावंसं वाटलं, स्टुलाभोवती नाचले होते तसं. आणि मग मला दर शनिवारी मासा शोधत आमच्या बाजूला येणारे तिचे अब्बा आठवले.

"नऊच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या पडद्याच्या कडेला आईची पाटी तिला दिसत असणार.

"हं," ती म्हणाली आणि पडदा बंद झाला.

मी जीभ पुसायला वळले, तर बाबा पाठीशी उभे होते. चष्मा नाकावर, डोळे पडद्यावर. त्यांना फाईल वाचायला मीच शिकवलं होतं, पावसाळ्यात, रिकामा वेळ होता म्हणून.

"सव्वीस?" ते म्हणाले. "जिवंत?"

"हो बाबा." मला राहवलंच नाही. "सव्वीस! बघा, मी म्हटलं होतं ना! थांबलो म्हणून झाले. अजून थोडं थांबलो ना, तर..."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी बोलायची थांबले. मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. "माझी पोर खरी हुशार," म्हणाले.

मग ते पायऱ्या उतरून धावत सुटले. बावन्न वर्षांचा माणूस, लुंगी वर खोचून, लहान मुलासारखा. दोन्ही हात तोंडाशी धरून खलाशांना हाका मारत होते.

"चला रे, चला! मासा आलाय! दुसऱ्यांना कळायच्या आत सगळा काढायचा!"